‘आई गं’ म्हणायचं नाही

लाल पुठ्ठ्याची एक वही माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. ती मी कुणाला दाखवत नाही. नातीने एकदा खेळता खेळता ओढून काढली, तर मी तिच्या हातातून हिसकावून घेतली आणि मग दिवसभर तिची समजूत काढत बसले. तसं वहीत लपवण्यासारखं काही नाही. पानाच्या मधोमध पट्टीने मारलेली रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे तो कधी म्हणायचा ते. ऊच, अचानक दुखलं तर. ऊप्स, हातून काही पडलं-सांडलं तर. गॉश, नवल वाटलं तर. ब्राव्हो, कुणी पराक्रम केला तर. हश्, समोरच्याला गप्प करायचं असेल तर. अक्षर माझंच, गोल, जपून काढलेलं. मॅट्रिक होऊन टायपिंगची परीक्षा दिलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं अक्षर ते, आणि त्या मुलीला स्वतःचा भलताच अभिमान होता. या वहीतल्या एका शब्दाने मी काय केलं ते माझ्या मुलांनाही ठाऊक नाही. सत्तरी उलटली, गुडघे बोलायला लागले, आता आणखी किती दिवस मी तोंड चुकवणार?

आमची जमीन कारखान्यात गेली आणि जमिनीच्या मागोमाग आप्पाही कारखान्यात गेले. रंगखात्यात लागले. घरी आले की त्यांच्या आधी त्यांच्या कपड्यांचा वास आत यायचा, थिनरचा आणि पत्र्याचा. पिंपरीच्या रेल्वे रुळांपलीकडे कंपनीची कॉलनी होती, तिच्यात आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. बाहेरची बसायची, आतली रांधायची, कोपऱ्यात मोरी. दिवसाचे तुकडे भोंगा पाडायचा. पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की चुली, स्टोव्ह, बादल्या, नळ सगळे एकदम जागे व्हायचे आणि मधल्या भोंग्याला डब्यांची झाकणं वाजायची. भिंती एका विटेच्या. शेजारी सुभद्रामावशी राहायच्या, लातूरकडच्या, त्यांच्या दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली निगुतीने ठेवलेली ताजी फुलं. त्यांचे यजमान आप्पांच्याच खात्यात. मावशींनी तव्यावर भाकरी टाकली की तिची थाप आमच्या आतल्या खोलीत ऐकू यायची. आमच्याकडचं तर त्यांना सगळंच ऐकू जायचं, कारण आमच्याकडे आई होती.

आई महाळुंग्याची. आता तिकडे गेलं की कुंपणं, ट्रक आणि कामगारांच्या बस यांखेरीज काही दिसत नाही, पण तिच्या लहानपणी तिथे नुसतं शिवार होतं आणि शिवारात माणसाला बोलवायचं तर हाळी द्यावी लागायची. तिची हाळी तीन शेतं ओलांडून जायची, असं मामा सांगायचा. कॉलनीत आली तरी तिचा गळा शिवारातच राहिला. दूध उतू गेलं, ‘आगागागा!’ पाल दिसली, ‘आयाय!’ कुणाचं लग्न ठरलं, ‘आगं बया बया!’ भाजीवाल्याने भाव सांगितला, ‘आत्ता गं बया!’ काही लागलं-खुपलं की ‘आई गंऽ’, तो गं असा लांबवायची की समोरच्या ओळीतल्या बायका दाराशी यायच्या. आणि दिवस मावळताना, आप्पांचा चहा झाला की चौकटीला पाठ टेकून, पाय पसरून ती एकच वाक्य म्हणायची, ‘थकले गं बया.’ कुणाला उद्देशून नाही, तक्रारही नाही. ते म्हटलं की तिचा दिवस संपायचा.

यातल्या प्रत्येक आवाजाला भिंतीपलीकडून जबाब यायचा. ‘काय झालं ओ, वैनी?’ कधी आई म्हणायची, ‘काय न्हाई, मांजरानं तोंड घातलं.’ कधी जबाब देण्याआधीच मावशी दारात, हात पिठाने भरलेले. धाकट्या भावाच्या नाकात शेंगदाणा अडकला तेव्हा आईने नुसतं ‘आगं आई!’ म्हटलं आणि मावशींनी येऊन तो काढलासुद्धा. आईला मोठं सांगावं लागायचं नाही, तिच्या आवाजाच्या चढावरून मावशींना कळायचं की हसायचं आहे की धावायचं आहे. मला मात्र या सगळ्याची लाज वाटायची. आपलं घर म्हणजे बाजार आहे, असं मी मैत्रिणींना म्हणायचे. केवढी शिष्ट होते मी!

तर कंपनीच्या एका मोठ्या साहेबांच्या बायकोने, कर्णिकमॅडमनी, कामगारांच्या मुलींसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग काढला. शनिवारी दुपारी, ऑफिसर लोकांच्या क्लबाच्या व्हरांड्यात, वेताच्या खुर्च्यांवर. आम्ही सात-आठ जणी. मॅडम पुण्याच्या, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, केस कापलेले, बोलणं गोड. व्याकरण त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं. म्हणाल्या, ‘ठेच लागल्यावर माणूस ज्या भाषेत ओरडतो ना, ती त्याची खरी भाषा. बाकी सगळं पाठांतर. तेव्हा आपण आधी ओरडायला शिकू.’ आणि खरोखरच आम्ही ओरडायला शिकलो. आम्ही खाली मान घालून लिहीत असलो की त्या मागून येऊन दंडाला चिमटा काढायच्या, नाहीतर कागदाची पिशवी फुगवून कानाशी फोडायच्या. जिच्या तोंडून ‘ऊच’ किंवा ‘ओ’ निघेल तिला टाळ्या, जिच्या तोंडून ‘आई गं’ निघेल तिने उभं राहायचं. पहिले दोन शनिवार सगळ्याच उभ्या. हसून हसून पोट दुखायचं.

मॅडमना शब्दांच्या गोष्टी फार ठाऊक होत्या. गॉश म्हणजे देवाचंच नाव, पण उगाच देवाचं नाव घेणं पाप म्हणून त्या लोकांनी तोंड जरा वळवून घेतलं. ब्राव्हो इटलीहून आलं, नाटकवाल्यांबरोबर. हुर्रे सैनिकांचं आणि खलाशांचं. मी घरी आले की हे सगळं आईला सांगायचे, म्हणजे खरं तर तिला शिकवायचे. ती भाकरी थापताना ऐकायची. गॉशची गोष्ट ऐकून म्हणाली, ‘देवाचं नाव घ्यायला लाजत्यात व्हय? मंग अडल्यावर कुनाला हाक मारत्यात?’ मी म्हटलं, ‘आणि इंग्रज माणूस दुखलं-खुपलं तर आईला हाक मारत नाही, माहितीये? आपल्यातच ती पद्धत.’ आईचा हात परातीत थांबला. ‘आन् मंग त्येची आई काय करती?’ आप्पा खाटेवरून म्हणाले, ‘इंग्रज झाली तुजी पोरगी. आता मला बी शिकव गं शालू, फोरमन वरडला की म्हनतो, ऊच!’ सगळे हसले. मीही हसले, पण मनात म्हटलं, ही माणसं सुधारायची नाहीत.

पावसाळा संपता संपता बातमी आली की कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर एक मुलगी घ्यायची आहे. तोवर तिथे पुण्याहून येणाऱ्या बाई होत्या, त्यांचं लग्न ठरलेलं. मॅडम ज्या मुलीचं नाव सुचवतील तिला साहेब घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्गातून दोघींची नावं उरली, मी आणि कंपनीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी. मला ती नोकरी किती हवी होती हे आज सांगितलं तर कुणाला पटणार नाही. मोठा काका चाकणकडचं स्थळ घेऊन बसला होता, घरी गुरं, वांग्याचं रान, आणि मुलगा आठवी. नोकरी लागली तर दोन वर्षं तरी लग्नाचं नाव काढणार नाही, असं आप्पांनी कबूल केलं होतं. आईचीही त्या नोकरीला साथ होती. एकदा कपडे धुताना ती म्हणाली, ‘माजे हात बग. तुजे आसं व्हायला नगंत. तू आपली खुर्चीत बसून बोल.’ म्हणजे ती नोकरी जितकी मला हवी होती तितकीच तिलाही, आणि मी पुढे जे केलं ते तिने का चालवून घेतलं, ते या वाक्यात आहे.

एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, ‘पुढच्या रविवारी सकाळी मी तुमच्या दोघींच्या घरी येणार. बोर्डावरची मुलगी म्हणजे कंपनीचा आवाज असतो. आवाज कुठल्या घरातून येतो ते बघायला हवं.’ घरातून कुठला आवाज येतो ते मला चांगलं ठाऊक होतं.

मग ते आठ दिवस. पडदा आणला, निळ्या फुलांचा, दोन्ही खोल्यांच्या मध्ये लावला. शेजाऱ्यांकडून कपबशा आणल्या. आईला मासवड्या करायच्या होत्या, तिच्या हाताच्या मासवड्या अख्ख्या नात्यात प्रसिद्ध. मी म्हटलं, छे, कसलं ते तिखटजाळ, पोहे कर आणि कुरडया तळ. कुरडया तिनेच उन्हाळ्यात घातलेल्या, पांढऱ्याशुभ्र. ती बरं म्हणाली. मग मी तिला काय बोलायचं ते सांगितलं. या, बसा, घ्या ना, परत या. एवढंच. आगं बया नाही, आगागा नाही, आणि काही झालं तरी आई गं नाही. आई हसली. ‘आगं, ते काय मी ठरवून म्हनती व्हय? त्वांडातून जातं.’

‘जाऊ द्यायचं नाही,’ मी म्हटलं. आणि मॅडम आम्हाला शिकवायच्या तसं मी तिला शिकवलं. ती भांडी घासत असली, निवडत असली, वेणी घालत असली की मी मागून जाऊन चिमटा काढायचे. मी माझ्या आईला चिमटे काढले. पहिल्यांदा ती उडायची, ‘आगं मेले!’ म्हणून ओरडायची आणि भिंतीपलीकडून मावशी विचारायच्या, काय झालं. मग मी डोळे वटारायचे. दोन दिवसांनी ती दचकायची पण आवाज घशात धरायची. सहाव्या-सातव्या दिवशी मी अगदी जोरात चिमटा काढला तरी हूं की चूं केलं नाही, तांदूळ निवडत राहिली. मी टाळ्या वाजवल्या आणि ‘ब्राव्हो!’ म्हटलं. तिच्या दंडावर हिरवेनिळे डाग होते. आप्पांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, नळावर बादली लागली.

एक गोष्ट अजून. आमचा स्टोव्ह मोरीजवळ असायचा, सुभद्रामावशींच्या भिंतीला लागून, तिथली फरशी सपाट होती. पण पडदा वाऱ्याने हलला तर मोरी दिसेल म्हणून मी तो उचलून दाराआडच्या कोपऱ्यात ठेवला. तिथली फरशी उखडलेली. आई म्हणाली, ‘हितं डुगडुगतोय गं.’ मी पुठ्ठ्याची घडी करून त्याच्या एका पायाखाली सारली. पुठ्ठा कशाचा होता तेही आठवतं, आप्पांच्या बुटांच्या खोक्याचा.

मॅडम दहाच्या सुमाराला आल्या. आप्पा पहिल्या शिफ्टला गेलेले, रविवारचा ओव्हरटाइम. भावाला मी मैदानात पिटाळलं होतं. आई दारापर्यंत आली, नवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हात जोडून म्हणाली, ‘या. बसा.’ अगदी शिकवल्यासारखं. आणि आत गेली. मॅडम आमच्या एकुलत्या एक खुर्चीत बसल्या, पोहे खाल्ले, छान झालेत म्हणाल्या. त्या बोर्डाबद्दल सांगायला लागल्या, फोन उचलला की पहिला शब्द कसा हसतमुख हवा. मी खाटेच्या कडेला ताठ बसून मान हलवत होते. आत तेल तापल्याचा वास येत होता, कुरडई तेलात पडून फुलल्याचा चुर्र आवाज, मग दुसरी, मग तिसरी. आणि मग कढई पडल्याचा आवाज आला.

फक्त कढईचा. दुसरा कुठलाच नाही. ती वाजत, गरगरत थांबली, आणि त्यानंतर काहीही नाही.

‘काय पडलं गं?’ मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, ‘मांजर असेल.’ मॅडम हसल्या आणि वर्गातल्यासारखं बोट वर करून म्हणाल्या, ‘अशा वेळी काय म्हणायचं?’ मी म्हटलं, ‘ऊप्स.’ आणि हसले. हो, हसले. मग उठून पडद्यामागे गेले.

आई जमिनीवर बसली होती. स्टोव्ह कलंडलेला, विझलेला, कढई भिंतीशी. तिचा डावा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत तेलाने चकाकत होता आणि कातडी माझ्यादेखत वर येत होती. पदराचा बोळा तिने तोंडात कोंबला होता, दोन्ही हातांनी दाबून धरला होता. डोळे एवढे मोठे झालेले. तिने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं म्हणजे मदतीची हाकच होती, आवाज तेवढा नव्हता. आणि मी काय केलं? मी ओठांवर बोट ठेवलं. हश्. वहीच्या तिसऱ्या पानावरचा शब्द, समोरच्याला गप्प करायचं असेल तर.

तिने मान हलवली. मग एक हात तोंडावरचा काढून, कुरडयांची ताटली बाजूला नीट राहिली होती ती माझ्याकडे सरकवली. मी ती उचलली आणि बाहेर आले.

मॅडम अर्धा तास बसल्या. कुरडई मोडून मोडून खाल्ली, कशी करतात ते विचारलं. तुझ्या आईंना बोलव ना, म्हणाल्या, मी म्हटलं, लाजतात त्या. मग त्यांनी मला हॅलोची गोष्ट सांगितली, बोर्डावर बसणार म्हणून खास. टेलिफोन यायच्या आधी हॅलो हा नमस्कार नव्हताच मुळी, नुसती आरोळी होती, लांबच्या माणसाने वळून बघावं म्हणून घातलेली. शिकारी कुत्र्यांना घालायचे, नदीपलीकडच्या नावाड्याला घालायचे. मी ‘गॉश!’ म्हटलं. ते अगदी वेळेवर आणि आपोआप आलं म्हणून मॅडम खूश झाल्या. पडद्यामागून एकदा काहीतरी फरशीवर घासल्यासारखं झालं, तेवढंच. निघताना मॅडमनी पडद्याकडे तोंड करून गोड आवाजात म्हटलं, ‘येते हं आई.’ आणि आतून माझ्या आईचा आवाज आला, सरळ, न कापणारा. ‘परत या.’

मी त्यांना कॉलनीच्या फाटकापर्यंत सोडायला गेले. तेही गेले मी. रस्त्यात त्या म्हणाल्या, ‘किती शांत घर आहे गं तुझं. मला खरंच वाटलं नव्हतं.’ मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना आतलं कळलं असतं तर पोह्यांची बशी टाकून धावल्या असत्या, स्वतःच्या गाडीत घालून आईला दवाखान्यात नेलं असतं आणि नोकरीही बहुधा मलाच दिली असती. हे मला फाटकाशी उभं असतानाही कळत होतं. म्हणून तर अजून माफी सापडत नाही.

परत आले तेव्हा आई भिंतीच्या आधाराने मोरीपर्यंत सरकली होती आणि पायावर तांब्याने पाणी सोडत होती. मला बघून तिने आधी पदर तोंडातून काढला. विचारलं, ‘गेली का पाव्हणी?’

मी म्हटलं, ‘गेली.’ म्हटलं, ‘आई, आता ओरड.’ ती म्हणाली, ‘नगं. कॉलनीत बभ्रा हुईल. कुनीतरी त्यांच्या कानावर घालंल.’ आणि पाणी सोडत राहिली. तेव्हा मी रडायला लागले, मोठ्याने, गळा काढून, आणि माझ्या रडण्याने सुभद्रामावशी आल्या. पाय बघून त्या तशाच मागे वळल्या. मग घरातून कोरफड घेऊन आल्या, आईला धरून बसल्या, भावाला पाठवून रिक्षा आणवली. सगळं करून झाल्यावर, कंपनीच्या दवाखान्याच्या बाकड्यावर, त्यांनी आईला विचारलं. ‘वैनी, मी भिंतीपल्याडच गहू निवडत बसले होते. कढई पडल्याली ऐकली. हात थांबवून बसले, म्हटलं आता वैनी ओरडतील. तुमचा आवाज आला नाही, म्हणून म्हटलं काही नसंल. मला आवाज कामून दिला नाही तुमी?’

मी आईच्या शेजारीच होते. मी सांगू शकले असते. मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यांच्या मनातही आलं नसेल. आईच म्हणाली, ‘दातखीळच बसली बगा.’ आप्पांनाही तिने तेच सांगितलं. आप्पांनी खाली बसून तिचा पाय बघितला. मग म्हणाले, ‘साधा काटा रुतला तर गाव गोळा करनारी बाई तू.’ मला ऊच म्हणून चिडवणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं.

नोकरी मला मिळाली. पाय दीड महिन्याने बरा झाला, म्हणजे जखम भरली, पण बोटं एकमेकांना चिकटून आत वळली आणि कातडी कागदासारखी पातळ राहिली. चपलेचा अंगठा तिला घालता येईना, पट्ट्याच्या सपाता घालायला लागली. मी पहिल्या पगारात तिला साडी आणली, ती तिने कौतुकाने सगळ्या ओळीला दाखवली. दाखवताना ‘आगं बया’ म्हणाली नाही. कशालाच म्हणाली नाही. आधी मला वाटलं, दुखणं आहे म्हणून गप्प असेल. दूध उतू गेलं की नुसती उठायची आणि फडकं घ्यायची. मावशी भिंतीपलीकडून सुरुवातीला स्वतःहून विचारायच्या, ‘वैनी, हाव का?’ ती म्हणायची, हाय हाय. पुढे त्यांचंही विचारणं कमी झालं. मी आठ तास कानाला यंत्र लावून हॅलो हॅलो करत होते, पगार घेऊन आरोळ्या मारत होते म्हणा ना, आणि घरी जिचा गळा तीन शेतं ओलांडून जायचा ती मुकाट झाली होती.

मध्येच थोडी पुढची एक गोष्ट सांगते. निवृत्त झाल्यावर मी मोठा शब्दकोश घेतला, भिंग लावून वाचावा लागतो असला. मॅडमनी आम्हाला अलास शिकवला होता, हाय हाय या अर्थी, कुणी मेलं की म्हणायचा. माझ्या लाल वहीत तो आहे. त्याचं मूळ बघितलं, तर फार पूर्वी, दुसऱ्याच भाषेत, त्याचा अर्थ नुसता ‘थकलो’ असा होता. कोश मिटून मी चौकटीकडे बघत बसले. संध्याकाळ होती, चौकटीत कुणी नव्हतं. तिचं ‘थकले गं बया’ हे वाक्यही मी तिला बंद करायला लावलं होतं, मॅडम येणार त्या आठ दिवसांत.

आता राहिलेलं. आठ-नऊ वर्षांनी आईला साखर निघाली आणि त्याच पायाला, त्याच पातळ कातडीला, सपातेचा पट्टा घासून जखम झाली. ती चिघळली. दवाखान्यात ठेवलं. रोज संध्याकाळी ड्रेसिंग व्हायचं, आणि त्या खोलीत बाप्येसुद्धा गुरासारखे ओरडायचे. आई ओरडायची नाही. पदराचा बोळा करून दातांत धरायची. नर्स म्हणायच्या, किती सोशीक हो तुमच्या आई, आणि मी तिथे उभी राहून ते कौतुक ऐकून घ्यायचे.

शेवटच्या आठवड्यात ताप उतरेना, ओळख जाते-येते अशी अवस्था. त्या दिवशी मी ऑफिसातून तशीच गेले होते, इस्त्रीची साडी, घड्याळ, खांद्याला पर्स, केस तेव्हा मीही कापले होते. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले आणि खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसले. नर्सने पट्टी सोडवायला घेतली. जखमेला चिकटलेला कापूस ओढला तसं तिचं सगळं अंग ताठ झालं आणि हात पदराकडे गेला. मी तो हात धरला. सगळ्या खोलीदेखत मी तिला विनवलं, ‘ओरड गं आई. तुला माझी शपथ आहे, आई गं म्हण, मोठ्यानं म्हण.’

ती माझ्याकडे बघत राहिली, साडीकडे, घड्याळाकडे, केसांकडे. मग अगदी हळू, मला नव्हे, माझ्या मागे कुणी उभं असावं तसं त्या रिकाम्या जागेला तिने विचारलं, ‘गेली का पाव्हणी?’

मी म्हटलं, ‘गेली गं, कधीच गेली.’

तिने मान हलवली. ‘न्हाई गेली,’ ती म्हणाली. ‘ही काय, हितंच बसलीया.’ आणि माझ्या हातातून हात सोडवून घेऊन तिने पदर तोंडात धरला.